बुडबुड्यात काय असतं?

चहाचं आधण ठेवलं की थोड्या वेळानं पातेल्याच्या बुडाला मोहरीएवढे बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ते एकेक करून सुटतात, वर येतात. पाणी अजून शांतच असतं. मग ते सणसणायला लागतं आणि शेवटी बुडापासून मोठाले बुडबुडे उसळत वर येऊन फुटू लागतात. या मोठ्या बुडबुड्यांच्या आत काय असतं?

प्रश्न पोरकट वाटेल, पण विचारून बघा. मी बऱ्याच जणांना विचारला. सर्वांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर 'हवा'. दहावीतल्या भाच्यानं जरा विचार केला आणि 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' असं ठासून सांगितलं. "पाणी म्हणजे एच-टू-ओ ना मामा, मग तापवल्यावर तेच निघणार," असा पुरावाही दिला. माझ्या आईची शाळा सातवीत सुटली. ती कणीक मळता मळता म्हणाली, "वाफ. दुसरं काय असणार?"

आईचं उत्तर बरोबर. सुरुवातीचे मोहरीएवढे बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, त्यामुळे 'हवा' म्हणणाऱ्यांना अर्धा गुण द्यायला हरकत नाही. पण उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यात वाफ असते, म्हणजे पाणीच. पाण्याचे रेणू जसेच्या तसे, फक्त एकमेकांपासून लांब गेलेले. त्यांची मोडतोड करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे करायचे तर दोन हजार अंशांच्या वर तापवावं लागेल, आणि तरीही थोडेच रेणू फुटतील. शेगडीवर ते जमत असतं तर घरोघरी चहाबरोबर स्फोट झाले असते.

आता गंमत अशी की भाच्याची चूक त्याच्या एकट्याची नाही. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठातले रॉजर ऑसबर्न आणि मार्क कॉसग्रोव्ह यांनी ८ ते १७ वयाच्या मुलांसमोर किटलीत पाणी उकळलं आणि हाच प्रश्न विचारला. त्यांचा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. मुलांनी 'उष्णता' म्हटलं, 'हवा' म्हटलं, काहींनी 'वाफ'ही म्हटलं. 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' हे उत्तर लहान मुलांना सुचणं शक्यच नव्हतं. ते मोठ्या मुलांकडून आलं, ज्यांना शाळेत पाण्याचं सूत्र शिकवून झालं होतं त्यांच्याकडून. ही चूक शाळेत शिकूनच झाली होती.

बर्फ घातलेल्या ग्लासाला बाहेरून फुटणारा घामही त्यांनी मुलांना दाखवला. कुणी म्हणालं पाणी काचेतून झिरपलं. कुणी म्हणालं हवेतला हायड्रोजन आणि ऑक्सिजन थंडीमुळे एकत्र येऊन पाणी झालं. दुसरं उत्तर देणाऱ्या मुलाला परीक्षेत सूत्रं नक्कीच चांगली लिहिता येत असणार.

शिक्षकाच्या दृष्टीनं चूक म्हणजे लाल शाईची फुली. चुकीलाच पुरावा मानून, ती जपून ठेवून, तिच्यासारख्या शेकडो गोळा करून त्यांच्यामागचा तर्क शोधायचा, असं एक संशोधनक्षेत्र गेल्या पन्नास-साठ वर्षांत उभं राहिलं आहे. त्याला रसायनशिक्षण संशोधन म्हणतात. रसायन कसं शिकवावं याची चर्चा त्याहून जुनी आहे. अमेरिकेत या विषयाला वाहिलेलं मासिक १९२४ पासून निघतं आहे. पण त्यात बराच काळ हुशार शिक्षकांच्या युक्त्या आणि डोळे दिपवणारी प्रात्यक्षिकं छापून येत. समोर बसलेल्या मुलाच्या डोक्यात नक्की काय चाललंय, हा प्रश्न पद्धतशीरपणे विचारला गेला तो उशिरा. आणि तो ज्यांनी विचारला त्यांत ग्लासगो विद्यापीठातले ॲलेक्स जॉन्स्टन यांचं नाव पहिल्या रांगेत येतं.

जॉन्स्टन आधी शाळेत रसायन शिकवत. १९६०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये रसायनशास्त्राचा अभ्यासक्रम नव्यानं बांधला गेला. पाठांतर कमी, समज जास्त, अशी त्याची चाल होती. उत्साह मोठा होता, आणि तरीही मुलं काही ठरावीक जागी दरवर्षी अडत होती. मोल, समीकरणं, आयनांची देवाणघेवाण. शिक्षक बदलला तरी तिथंच. शाळा बदलली तरी तिथंच. सगळीकडची मुलं एकाच खड्ड्यात पडत असतील तर दोष मुलांच्या चालण्यात शोधायचा की रस्त्यात? जॉन्स्टननी रस्ता तपासायला घेतला.

त्यांना जे सापडलं ते समजायला कुठल्याही वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावं. बाई मीठ घेतात, चंचुपात्रातल्या पाण्यात टाकतात, ढवळतात. मीठ दिसेनासं होतं. बाई म्हणतात, "बघा, सोडियम आणि क्लोराईडचे आयन सुटे झाले." आणि पाठ फिरवून फळ्यावर समीकरण लिहितात. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात बाई तीन ठिकाणी जाऊन आल्या. आधी त्या डोळ्यांना दिसणाऱ्या, जिभेला खारट लागणाऱ्या मिठाच्या जगात होत्या. मग कुठल्याच डोळ्याला न दिसणाऱ्या आयनांच्या जगात गेल्या. मग खडूच्या खुणांच्या जगात. बाईंना हे तीन मजले घरच्यासारखे, जिना चढताना त्या पायऱ्या मोजत नाहीत. मुलाला जिनाच दिसलेला नाही. त्याच्या वहीत मीठ, आयन आणि एन-ए-सी-एल ही तीन वेगवेगळी प्रकरणं असतात.

१९८२ साली जॉन्स्टननी हे तीन स्तर मांडले आणि १९९१ च्या लेखात त्यांचा त्रिकोण केला: दिसणारं, सूक्ष्म आणि चिन्हांकित. रसायन शिकवण्यावरचं कुठलंही गंभीर लेखन उघडा, हा त्रिकोण भेटतोच. पुढच्यांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या. चिन्हं हा वेगळा मजला नसून दोन्ही मजल्यांवर बोलली जाणारी भाषा आहे, असं म्हणणारे आहेत, आणि मला ते पटतं. कॅनडातले पीटर महाफी यांनी चौथा कोपरा जोडला, माणसाचा. पण मूळ निरीक्षण पक्कं राहिलं. जाणकार तिन्ही ठिकाणी एकदम वावरतो आणि आपण वावरतोय हे त्याला कळतही नाही.

एकदम वावरणं नवशिक्याला का जमत नाही, याचं उत्तर जॉन्स्टननी मानसशास्त्रातून घेतलं. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी माणूस एका वेळी सातच्या आसपास सुट्या गोष्टी ध्यानात धरू शकतो असं मांडलं होतं. नुसतं धरायचं नसून त्यांच्याशी काही करायचंही असेल तर त्याहून कमी. या जागेला कार्यकारी स्मृती म्हणतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी ती असते. सामान ठेवायला आणि चिरायला ओटा एकच. सामान वाढलं की चिरायला जागा उरत नाही. जॉन्स्टन आणि एल-बन्ना यांनी १९८६ मध्ये रसायनाचे प्रश्न घेतले, प्रत्येक प्रश्न सोडवताना किती गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात ते मोजलं आणि किती मुलांना तो सुटला ते त्याच्या शेजारी मांडलं. गोष्टी वाढतील तसं यश हळूहळू घसरत जाईल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात पाचापर्यंत बरं चाललेलं असतं आणि पाच-सहाच्या पुढं कडा कोसळावा तसं यश कोसळतं. 'सोपं तर आहे, आणखी एकच पायरी' असं आपण म्हणतो ती पायरी कड्याच्या टोकावरची असू शकते.

मोलवरचं एखादं साधं गणित या नजरेनं पाहा. १० ग्रॅम खडूत किती कॅल्शियम? खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट हे आठवा. सूत्र आठवा. तीन मूलद्रव्यांचे अणुभार आठवा. ऑक्सिजनचा तिनानं गुणा. बेरीज करा. गुणोत्तर मांडा. १०नं गुणा. शिक्षकाच्या डोक्यात हे सगळं मिळून एक गाठोडं असतं, त्याच्या ओट्यावर ते एवढीशी जागा अडवतं. मुलाच्या ओट्यावर सात सुटी भांडी. (आणि फळ्यावरचा खडू बहुतेक वेळा कॅल्शियम सल्फेटचा असतो, ही आठवी भानगड वेगळीच.)

मग मुलं करतात काय? तोडगा काढतात. अर्थ बाजूला ठेवून कृती पाठ करतात. हे किती सफाईनं जमतं ते १९८५ साली यॅरोक यांच्या अभ्यासात दिसलं. त्यांनी १४ मुलांच्या मुलाखती घेतल्या. समीकरणं संतुलित करणं सगळ्यांना येत होतं. नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया: एक, तीन, दोन, आकडे बिनचूक. मग त्यांना सांगितलं, याचं चित्र काढा. निम्म्या मुलांना ते धड काढता आलं नाही. हायड्रोजनचे तीन रेणू काढायचे तर काहींनी सहा गोळे एकमेकांना चिकटवून ओळीत मांडले, आगगाडीच्या डब्यांसारखे. समीकरणातला मोठा तीन आणि खालचा छोटा दोन यांतला फरक त्यांना आकडेमोडीपुरता ठाऊक होता, रेणू म्हणून नाही.

इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत रूथ बेन-झ्वी आणि त्यांच्या सहकारी याच सुमारास दहावीच्या वर्गांत असेच प्रश्न विचारत होत्या. त्यांचा १९८६ चा अभ्यास मला या सगळ्या साहित्यात सर्वांत लाडका आहे. तांब्याची तार घ्या. ती वीज वाहून नेते, तिचा रंग तांबूस, ठोकली की ती चपटी होते. आता ती तापवून तिची वाफ करा आणि त्यातला एकच अणू पकडा. यातले कोणते गुण त्या एका अणूला असतील? एकही नाही. चपटं होणं, वीज वाहणं, झळाळी हे सगळं असंख्य अणू एकत्र आल्यावरचं आहे. गर्दी हा गुण एकट्या माणसात नसतो, तसं. पण जवळजवळ निम्म्या मुलांना वाटत होतं की तांब्याचा अणूही तांबूस असतो, ठोकला की चपटा होतो. त्यांच्या मते अणू म्हणजे तांब्याचा फार फार बारीक तुकडा. त्यांना दोन क्लोरीन आणि एक ऑक्सिजन असलेला रेणू काढायला सांगितला तेव्हा काहींनी क्लोरीनची जोडी काढली आणि शेजारी वेगळा ऑक्सिजन ठेवला. सूत्र जसं लिहिलं तसं चित्र.

एक वर्षानं, १९८७ मध्ये, अमेरिकेत सुझन नुरेनबर्न आणि माइल्स पिकरिंग यांनी या प्रकाराला खिंडीत गाठलं. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वायुनियमांवरचं नेहमीचं गणित दिलं आणि जोडीला एक चित्र दिलं. पोलादी टाकीत हायड्रोजन, २० अंश सेल्सिअसला. टाकी मधोमध कापलेली दाखवली आहे आणि रेणू म्हणून ठिपके सगळीकडे विखुरलेले आहेत. तापमान उणे २० केलं तर ठिपके कसे दिसतील? खाली चार चित्रं. हायड्रोजन उणे २५३ अंशांच्या आसपास द्रवरूप होतो, म्हणजे उणे २० ला तो आरामात वायूच असणार. ठिपके आधीसारखेच सगळीकडे विखुरलेले राहणार. ज्यांना गणित झरझर सुटलं त्यांतल्या कितीतरी जणांनी ठिपके तळाशी बसवले, नाहीतर मध्यभागी गोळा केले. थंडीत माणसं शेकोटीभोवती बसतात तसे. १९९० मध्ये बार्बरा सॉरे यांनी मोठ्या वर्गावर हेच करून पाहिलं. हुशार गणली गेलेली मुलंही त्यातून सुटली नाहीत.

या अभ्यासानं रसायनाच्या प्राध्यापकांना खरा धक्का दिला. तोपर्यंत सगळ्यांची समजूत होती की गणित सुटलं म्हणजे विषय समजला. परीक्षांची अख्खी इमारत या समजुतीवर उभी आहे, आपल्याकडची तर आहेच.

आता भाषेकडे येतो, कारण इथं मराठी वाचकाचं स्वतःचं काहीतरी गुंतलेलं आहे. कॅसल्स आणि जॉन्स्टन यांनी ब्रिटनमधल्या शाळांत शब्दांचा माग काढला. मुलं अडखळतात ती अवघड पारिभाषिक शब्दांवर, असा सगळ्यांचा समज होता. निघालं भलतंच. खरे दगाबाज शब्द होते ते रोजचे, ओळखीचे. शब्द ओळखीचा असल्यानं मूल थांबून विचारत नाही, आणि घरचा अर्थ घेऊन वर्गात शिरतं. इंग्रजीत 'व्होलाटाइल' म्हणजे चटकन वाफ होणारं, पण कित्येक मुलांच्या मनात त्याचा अर्थ होता भडकणारं, स्फोटक. आपल्या 'बाष्पनशील'ला हा धोका नाही, कारण तो शब्द घरात कुणी उच्चारतच नाही.

पण आपले दगाबाज वेगळे आहेत. आईस्क्रीम 'विरघळतं' आणि चहात साखर 'विरघळते'. शास्त्राच्या पुस्तकात पहिलं वितळणं, दुसरं विरघळणं. पहिल्यात एकच पदार्थ अवस्था बदलतो, दुसऱ्यात दोन पदार्थ एकमेकांत मिसळतात. घरी एका शब्दात भागतं, त्यामुळे साखर चहात 'पातळ झाली' असं मुलाला वाटलं तर त्यात नवल ते काय. पियाजे यांनी जिनिव्हात मुलांसमोर पाण्यात साखर विरघळवून 'आता साखर कुठं गेली, वजनाचं काय झालं' असे प्रश्न विचारले होते. लहान मुलांच्या लेखी साखर संपली होती, चव तेवढी मागे उरली होती.

किंवा 'शुद्ध' घ्या. शुद्ध तूप, शुद्ध पाणी, डोंगरावरची शुद्ध हवा. रसायनशास्त्रात शुद्ध म्हणजे एकच पदार्थ, आणि हवा तर मिश्रण, म्हणजे डोंगरावरचीसुद्धा शुद्ध नाही. 'तीव्र' आणि 'सौम्य' यांनी तर पिढ्यान्‌पिढ्या घोळ घातला आहे. आम्ल तीव्र की सौम्य हे त्याच्या रेणूंची पाण्यात किती फाटाफूट होते त्यावर ठरतं. पाणी किती घातलंय त्यासाठी 'संहत' आणि 'विरल' हे वेगळे शब्द आहेत. जवळजवळ निर्जळ, थंडीत गोठून बसणारं अ‍ॅसेटिक आम्ल संहत असूनही सौम्य. बादलीभर पाण्यात टाकलेले हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब विरल असूनही तीव्र. पण प्रयोगशाळेत विरल आम्लाची बाटली मागतानासुद्धा आपण 'सौम्यवाली दे' असंच म्हणतो.

आणि आपल्या 'अणू'ची कथा ऐका. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि अणू जोडून होतो तो रेणू. हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू, आणि आपल्या अणूला ते परमाणु म्हणतात. 'क्षार' मराठी पाठ्यपुस्तकात मीठ या वर्गाचं नाव आहे, हिंदी पुस्तकात ते आम्लारीच्या वर्गाचं. मराठी शाळेतून आलेलं पोर परीक्षेच्या तयारीसाठी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ लावतं तेव्हा समोरचे सर अणु म्हणतात आणि हे मूल अणू ऐकतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

यात अकरावीची भर. दहावीपर्यंत 'संयुजा' म्हणणाऱ्या मुलाला एका सुट्टीनंतर 'व्हॅलन्सी' ऐकू येते. जॉन्स्टन आणि सेलेपेंग यांनी पुढं दाखवून दिलं की परक्या भाषेत विज्ञान शिकणाऱ्याच्या कार्यकारी स्मृतीचा मोठा वाटा भाषा उलगडण्यातच खर्ची पडतो. ओट्याची एक बाजू आधीच अडलेली. अशा मुलाला आपण 'मराठी मीडियमचा आहे, जरा कच्चा आहे' म्हणतो. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं, त्याचे संस्थापक संचालक वि. गो. कुलकर्णी यांनी भाषेचा हा अडसर फार लवकर ओळखला होता. पाठ्यपुस्तकांची बोजड भाषा ज्यांच्या घरात पुस्तकी मराठी बोलली जात नाही अशा मुलांना विज्ञानाबाहेर ठेवते, असं ते सांगत राहिले. पोरं मराठी शाळेतली असूनही पुस्तकाची मराठी त्यांना परकीच होती.

शिक्षकांच्या तोंडचे शब्दही तपासले गेले. केंब्रिजमधले कीथ टेबर आधी शाळा-महाविद्यालयांत शिकवत. त्यांनी विद्यार्थ्यांशी लांबलचक गप्पा मारल्या आणि त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली. अणूला बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन 'हवे असतात'. सोडियमला एक 'नकोसा' असतो, क्लोरीनला एक 'हवासा' असतो, म्हणून सोडियम देतो, क्लोरीन घेतो आणि दोघं सुखी होतात. आपल्या वर्गांतही हेच लग्न लावलं जातं.

हिशेब मांडला तर लग्न मोडतं. वायुरूपातल्या एक मोल सोडियम अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा घालावी लागते. सोडियम काही तो खुशीनं देत नाही, ओढून काढावा लागतो. क्लोरीनला तो दिल्यावर परत मिळतात सुमारे ३४९. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोज्यूलचा तोटा. मग मीठ बनतं कशासाठी? कारण तयार झालेले धन आणि ऋण आयन स्फटिकात एकमेकांजवळ येऊन बसतात तेव्हा सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात. सगळा फायदा त्या शेजारपणात आहे. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियमला सहा क्लोराईड शेजारी असतात आणि प्रत्येक क्लोराईडला सहा सोडियम. कुणाची कुणाशी जोडी नाही. पण 'देवाणघेवाण म्हणजेच बंध' असं शिकलेल्या मुलांना त्या सहांतला एक 'खरा' जोडीदार वाटतो आणि बाकीचे पाच नुसते आजूबाजूला उभे असलेले. टेबर यांनी ही समजूत १९९४ साली मांडली. मला स्वतःला ती वाचेपर्यंत आपलीही तीच समजूत होती हे कळलं नव्हतं, आणि मी तोवर रसायनाची पदवी घेऊन बसलो होतो.

प्रयोगशाळेत तरी हे सुटत असेल? बारावीचं टायट्रेशन आठवा. ब्युरेट पोटॅशियम परमँगनेटनं भरायची, हवेचा बुडबुडा काढायचा, शून्यावर आणायची. द्रावण गडद असल्यानं वाचन वरच्या कडेवर घ्यायचं. पिपेटनं दहा मिलीलिटर मोजून शंकूपात्रात घालायचे, आम्ल घालायचं, ऑक्झॅलिक आम्ल असेल तर गरम करायचं. एका हातानं तोटी, दुसऱ्या हातानं पात्र फिरवायचं, फिकट गुलाबी टिकली की थांबायचं. शेजारचा विचारतोय, तुझं किती आलं? तिसऱ्या वाचनानंतर जर्नलमध्ये 'सी.बी.आर.', म्हणजे ब्युरेटचं स्थिर वाचन, म्हणून एक आकडा लिहायचा. जांभळा रंग का गेला, मँगनीजचं काय झालं, हे विचारायला ओट्यावर जागा कुठं आहे? जॉन्स्टन यांचं प्रयोगशाळेबद्दलचं निरीक्षण हेच होतं. खरं सांगणं उपकरणं, सूचना आणि आकड्यांच्या कलकलाटात बुडून जातं, आणि मूल पाककृती वाचून पदार्थ करावा तसं एकेक ओळ उरकत जातं. त्यांचा उपाय साधा होता. आदल्या दिवशी थोडी तयारी करून घ्या. काय होणार, का होणार, काय पाहायचं एवढं आधी डोक्यात असलं की तेवढा ओटा मोकळा मिळतो. ग्लासगोत हे करून पाहिलं, उपयोग झाला.

उपायांची यादी मी देणार नाही, तशी ती लांब आहे आणि तिच्यात फॅशनही बरीच आहे. आधी अंदाज करा, मग पाहा, मग फरक समजावा ही जुनी रीत टिकाऊ निघाली. अमेरिकेत १९९४ पासून काही महाविद्यालयांनी व्याख्यान जवळपास बंद करून चारचार जणांच्या गटात मुलांनाच तर्क करायला लावला. अशा प्रयोगांचा एकत्रित हिशेब २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी केला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातले २२५ अभ्यास. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गात नापास होणारे सरासरी ३३.८ टक्के, मुलांना वर्गात काहीतरी करायला लावलं तर २१.८. हा फरक थोडाथोडका नाही.

पण खरं अडतं ते दुसरीकडं. जॉन्स्टन अखेरपर्यंत म्हणत राहिले की पुस्तकं अणूपासून सुरू होतात, म्हणजे जिन्याच्या चुकीच्या टोकापासून. मूल जिथं उभं आहे तिथून सुरुवात करा. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, हे ज्यानं शर्टावर पाहिलंय त्याला दर्शक म्हणजे काय ते समजवायला फळ्यावरच्या समीकरणाची आधी गरज नाही. समीकरण नंतर येऊ दे, सावकाश, एकेक पायरी. आपल्या परीक्षा मात्र नेमकं तेच विचारतात जे अर्थाविना जमतं. संतुलित करा, सूत्र घाला, चारांतला पर्याय निवडा. नुरेनबर्न-पिकरिंगचा ठिपक्यांचा प्रश्न प्रवेशपरीक्षेत आला तर क्लासवाले महिन्याभरात त्याचीही युक्ती काढतील, याबद्दल मला शंका नाही.

तेव्हा तुम्ही शिक्षक असाल, किंवा घरी कुणाचा अभ्यास घेत असाल, तर एवढंच करून पाहा. पुढचं गणित बरोबर सुटलं की वहीत एक मोकळी चौकट आखा आणि म्हणा, "आता यात काय चाललंय ते ठिपक्यांनी काढून दाखव." चित्र चुकलं तर लगेच खोडू नका. "हे असं का काढलंस?" एवढं विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.